सलाम मागणारा नावाडी आणि मुंबईच्या शाळेतला जॉर्ज

नमस्कार मंडळी.

भारतातून सिडनीला पाहुणे आले की आपण त्यांना हमखास ब्लूज पॉइंटला नेतो. डोक्यावर हार्बर ब्रिज, पलीकडे ऑपेरा हाऊस, आठ-दहा फोटो आणि चला परत. हे ‘ब्लू’ म्हणजे पाण्याचा रंग असावा, असाच बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ते एका माणसाचं आडनाव आहे. बिली ब्लू.

बिली कृष्णवर्णीय, बहुधा न्यूयॉर्ककडचा. लंडनला थेम्स नदीवर जहाजांचा माल उतरवायचं काम करायचा. १७९६ मध्ये ८० पौंड कच्ची साखर चोरल्याबद्दल मेडस्टोनच्या कोर्टाने त्याला सात वर्षं काळ्या पाण्याची, म्हणजे ऑस्ट्रेलियाला पाठवण्याची, शिक्षा ठोठावली. ८० पौंड म्हणजे साधारण ३६ किलो. शिक्षेतली चार वर्षं तर इंग्लंडमध्येच, जुन्या जहाजांवरच्या तुरुंगात गेली. १८०१ च्या डिसेंबरात तो सिडनीला उतरला तेव्हा दोन वर्षंही उरली नव्हती. सुटका झाल्यावर त्याने होडी धरली, १८०५ मध्ये एलिझाबेथ विल्यम्स या कैदी बाईशी लग्न केलं, सहा मुलं झाली. १८११ मध्ये या वसाहतीचा गव्हर्नर लॅकलन मॅक्वारी याने त्याला बंदराचा पहारेकरी नेमलं आणि १८१७ मध्ये उत्तर किनाऱ्यावर जमीन दिली. किती? ८० एकर. साखरेच्या प्रत्येक पौंडामागे एक एकर! आज तिथला भाव काय आहे, ते जेवणाआधी नको.

जमीन मिळून जेमतेम वर्ष झालं आणि बंदराचा हा पहारेकरी स्वतःच चोरट्या रमच्या भानगडीत सापडला. नोकरी गेली, तुरुंग झाला. जमीन मात्र राहिली, होड्याही राहिल्या.

लोकांच्या लक्षात राहिलेला बिली त्यानंतरचा. मॅक्वारीने त्याला थट्टेने ‘कमोडोर’, म्हणजे आरमाराचा मोठा अधिकारी, म्हटलं होतं आणि या पठ्ठ्याने ती पदवी मरेपर्यंत खरी धरली. डोक्यावर उंच हॅट, अंगावर आरमारी थाटाचा जुना कोट. बंदरात नवं जहाज आलं की हा वर चढून कप्तानाकडून मान वसूल करणार. रस्त्यात कुणी सलाम न करता पुढे गेला तर भर चौकात त्याचा उद्धार. म्हातारपणी होडीत बसलेल्या उतारूंच्याच हातात वल्ही द्यायचा आणि आपण गप्पा मारत बसायचा, असं सांगतात. आपल्याकडे फौजदाराचा वेष करून दारात दरडावणारा बहुरूपी यायचा, त्याच जातकुळीचं हे सोंग.

पण त्याला नुसता विदूषक समजणं मला पटत नाही. जिथे गोरा अधिकारी वर, कैदी खाली आणि काळा कैदी त्याच्याही खाली, अशा वसाहतीत त्याने सगळ्यांना हसवत आपलं बस्तान बसवलं. नावाड्याला गिऱ्हाइकाने लांबून ओळखावं लागतं. बिलीला अख्खं सिडनी ओळखत होतं. १८३४ मध्ये तो गेला.

आता ती ८० एकर जमीन. ती मॅक्वारीची होतीच कुठे? ती कॅमेरेगल या इथल्या मूळ रहिवासी लोकांची. हे म्हटल्याशिवाय दुसऱ्या माणसाकडे जाता येत नाही.

बंगारी हाही मूळ रहिवासी, सिडनीच्या उत्तरेला असलेल्या ब्रोकन बे या खाडीकडचा. १८०२-०३ मध्ये मॅथ्यू फ्लिंडर्स या इंग्रज दर्यावर्दीने ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजातून अख्ख्या खंडाला प्रदक्षिणा घातली, तेव्हा बंगारी बरोबर होता. या मातीत जन्मून ती प्रदक्षिणा पुरी करणारा पहिला माणूस तो. अनोळखी किनाऱ्यावर भाषा जुळली नाही की हातवारे करून, शस्त्रं खाली ठेवून पुढे जायचं काम त्याचं. मॅक्वारीने १८१५ मध्ये त्याला सिडनी बंदरातल्या जॉर्जेस हेडला शेती लावून दिली आणि गळ्यात पितळी पट्टा घातला: ‘ब्रोकन बे टोळीचा प्रमुख’. ज्यांची जमीन, त्यांनाच तिच्यावर पाहुणा म्हणून बसवायचं!

ऑगस्टस अर्ल या चित्रकाराने १८२६ च्या सुमारास काढलेलं त्याचं चित्र जरूर बघा. लाल लष्करी कोट, गळ्यात तो पट्टा, हातात उंचावलेली हॅट. बंदरात येणाऱ्या जहाजांना तो असाच सामोरा जायचा, ‘माझ्या देशात या’ म्हणायचा आणि वर पैसे नाहीतर दारू मागायचा. गोऱ्यांनी याला भीक म्हटलं. मला तो सरळ घरमालकाचा हिशेब वाटतो. शिवाय प्रत्येक गव्हर्नरच्या चालण्याबोलण्याची तो हुबेहूब नक्कल करायचा, तेही त्यांच्याच उतरवलेल्या कपड्यांत. १८३० मध्ये तो वारला.

होडी-बोटींच्या गोष्टी निघाल्याच आहेत, तर विल्यम किंगचं नाव घेऊन टाकतो. हा पुढच्या पिढीतला मीट-पाय, म्हणजे मांस भरलेले पाय, विकणारा. सिडनीच्या धक्क्यावर जवळच्या पॅरामॅटा गावाच्या बोटीत चढणाऱ्यांना माल विकायचा, मग उरलेला घेऊन पॅरामॅटापर्यंत पायी पळत जायचा आणि बोटीतून उतरणाऱ्या त्याच लोकांना पुन्हा विकायचा. यावर भाष्य नको.

ज्याच्यासाठी मी आज उभा राहिलो, तो मात्र गप्प माणूस आहे. मॅक्वारी सिडनीला येण्याआधी कित्येक वर्षं मुंबईत होता, ७७ व्या पलटणीत. १७९३ मध्ये मुंबईतच त्याचं जेन जार्विसशी लग्न झालं. १७९५ च्या जानेवारीत कोचीनला त्याने सहा-सात वर्षांचे दोन गुलाम मुलगे विकत घेतले. दोघांचे मिळून १७० रुपये, ही नोंद त्याच्याच रोजनिशीत आहे. नावं ठेवली हेक्टर आणि जॉर्ज. मुंबईत त्यांना शाळेत घातलं. हेक्टर लवकरच कागदपत्रांतून नाहीसा होतो. जॉर्जला जेनचं माहेरचं आडनाव मिळालं आणि तो जॉर्ज जार्विस म्हणून मॅक्वारीबरोबर जन्मभर राहिला. सिडनीच्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये, वसाहतीच्या दौऱ्यांवर, मग परत स्कॉटलंडला. १८२४ मध्ये लंडनला मॅक्वारीने प्राण सोडला तेव्हा जॉर्ज जवळ होता. पुढच्याच वर्षी तोही गेला.

त्याच्या आईबापांनी काय नाव ठेवलं होतं, त्या रोजनिशीत नाही. बिली आणि बंगारीने आवाज केला म्हणून त्यांच्या नावाने किस्से उरले. जॉर्ज दिसतो तो मालकाच्या लिखाणातून, सामान बांधताना, घोड्यांबरोबर, मालकाच्या छोट्या मुलाला सांभाळताना.

मॅक्वारीच्या रोजनिश्या सिडनीच्या मिचेल लायब्ररीत आहेत आणि बराच भाग इंटरनेटवर मोफत वाचता येतो. आपल्यातल्या मॅक्वारी युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या पोरापोरींना माझं सांगणं आहे: मुंबईच्या पानांपासून सुरुवात करा. तेव्हाची मुंबई कशी होती ते तुमच्या आजी-आजोबांना विचारून कळणार नाही, पण जागांची नावं त्यांना चटकन लागतील. दोघांनी मिळून वाचा आणि जॉर्जचा उल्लेख आला की त्या पानाखाली खूण करा. पुढच्या मेळाव्याला माझ्याऐवजी तुमच्यापैकी कुणीतरी इथे उभं राहा.