काका दमतात ते का?

(दृश्य: फिजिओथेरपीची खोली, समांतर दांड्या, काकांचे पाय)

काकांना पक्षाघात झालाय. त्यांचा डावा पाय बघा. गुडघा पुरता वाकत नाही, चवडा खाली लोंबतो. म्हणून आधी कंबर उचलायची आणि मग पाय बाहेरून गोल फिरवून पुढे टाकायचा. असं चालायला धडधाकट माणसाच्या दीडपट, कधी कधी दुपटीपर्यंत शक्ती लागते. दांड्या संपायच्या आत काकांची नजर खुर्चीकडे जाते. घरी सहा महिने यालाच सगळे कंटाळा म्हणत होते.

(दृश्य: उजेडावर धरलेली एमआरआयची फिल्म)

फिल्मवर डावीकडे दिसतो तो मेंदूचा उजवा भाग. हा पांढरा डाग पडला, तिथे त्या दिवशी रक्त पोचलं नाही.

मेंदूचं वजन असतं साधारण 1400 ग्रॅम, म्हणजे शरीराच्या 2 टक्के. पण आपण नुसते बसलेलो असतानाही शरीराच्या ऑक्सिजनपैकी जवळपास 20 टक्के एकटा मेंदू वापरतो. शिवाय दिवसाला 120 ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज लागतं ते वेगळंच. शिल्लक मात्र जवळजवळ काहीच नसते. हातावर पोट असलेल्या घरासारखा हा कारभार. रक्त येईल तेव्हाच चूल पेटणार.

या इंधनाचा मोठा वाटा पेशींच्या आवरणातल्या सूक्ष्म पंपांना लागतो. आत शिरलेलं सोडियम ते बाहेर काढतात आणि पोटॅशियम आत घेतात. हा तोल राहिला तरच पुढचा संदेश जातो. रक्तवाहिनीत गुठळी अडकली, की काही मिनिटांत इंधन संपतं आणि पंप थांबतात. सोडियमपाठोपाठ पाणी आत येतं, पेशी फुगते. तिच्यातून सांडलेलं ग्लुटामेट हे रसायन शेजारच्या पेशींनाही मारक ठरतं.

एरवी 100 ग्रॅम मेंदूला मिनिटाला साधारण 50 मिलीलिटर रक्त मिळतं. ते 20 च्या खाली आलं की पेशी गप्प होतात, 10 च्या आसपास मरू लागतात. 1970 च्या दशकात लंडनमध्ये मेंदूचे शल्यचिकित्सक लिंडसे सायमन यांच्या गटाने बबून माकडांवर प्रयोग करून या दोन पायऱ्या वेगळ्या दाखवल्या. मधल्या पट्ट्यातल्या पेशी जिवंत असतात, फक्त काम थांबलेलं असतं. डॉक्टरांची सगळी धावपळ त्यांच्यासाठी. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर वारं गेलं म्हणून मालिश करत बसू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.

डाग एवढासा दिसतो, पण त्याच्याशी जोडलेले दूरचे भागही मंदावतात. विरुद्ध बाजूचा लहान मेंदूसुद्धा कमी ग्लुकोज वापरताना पेट (PET) स्कॅनवर, म्हणजे कुठला भाग किती ग्लुकोज वापरतो ते दाखवणाऱ्या तपासणीत, दिसतो. उरलेल्या मेंदूला तेच काम जास्त कष्टाने करावं लागतं.

(दृश्य: काकांचा डावा तळहात, जवळून)

ही मूठ आपोआप वळलेली आहे. थेरपिस्टताई आधी अंगठा सोडवतात, मग एकेक बोट. तळव्यावर नखांच्या खुणा आहेत. इथे घाई केली तर स्नायू आणखी आवळतो, म्हणून चित्रणातला हा भाग आम्ही कापलेला नाही.

काका एसटीत कंडक्टर होते. नोकरी गेली, घर आता मुलाच्या पगारावर चालतं.

पक्षाघातानंतर जवळपास निम्म्या रुग्णांना असा थकवा येतो. हातपाय चांगले सुधारलेल्यांनाही येतो. झोप बिघडली, मन खचलं की तो वाढतो. त्या माणसाला आळशी म्हणणं हा सरळ अन्याय आहे, आणि तो बहुतेक घरांत रोज होतो.

(दृश्य: काकूंची वही)

काकूंनी वेळा लिहून ठेवल्यात. आंघोळ, मग पाऊण तास विश्रांती. व्यायाम सकाळीच, दोन हप्त्यांत. जेवणानंतर झोप. भेटायला येणाऱ्यांनाही त्या आता चारनंतरच बोलावतात.