फूट व्हॉल्व्ह आणि हृदय

श्रोतेहो, नमस्कार. मी कळव्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. हृदयाचा धडा झाला की मुलांना सांगते, हृदय कसं चालतं ते धाकट्या भावाला कळेल असं लिहून आणा. बहुतेक वह्यांत एकच वाक्य येतं : ‘हृदय पंपासारखे काम करते.’ वाक्य बरोबर आहे हो, पण भावाला त्यातून काय कळणार?

म्हणून यंदा आधी बिल्डिंगच्या पंपावर बोललो. सकाळी वॉचमन पंप लावतो आणि पाणी गच्चीवरच्या टाकीत चढतं, हे सगळ्यांनाच ठाऊक. एका मुलीचे बाबा प्लंबिंगची कामं करतात. ती म्हणाली, “बाई, फूट व्हॉल्व्ह लीक झाला की पाइपातलं पाणी परत खाली उतरतं. मग पंप पाणी उचलतच नाही.”

मी खडू खाली ठेवला. फूट व्हॉल्व्ह म्हणजे पाइपाच्या खालच्या टोकाची झडप, ती पाणी मागे फिरू देत नाही. हृदयातल्या झडपांचं कामही हेच! निलय, म्हणजे हृदयाचा खालचा कप्पा, आवळलं की रक्त धमनीत जातं. अलिंदाकडची, म्हणजे वरच्या कप्प्याकडची झडप मिटते, म्हणून ते मागे फिरत नाही. ठोक्याचा पहिला आवाज या झडपा मिटल्याचा. दुसरा, धमन्यांच्या तोंडाशी असलेल्या झडपांचा. १८१६ साली रेने लेनेक या फ्रेंच डॉक्टरांनी कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीचे ठोके ऐकले होते, त्यातूनच पुढे स्टेथोस्कोप आला. आम्हीही जाड कागद गुंडाळला. मुली एकमेकींचे ठोके ऐकताना वर्ग इतका शांत झाला की बाहेरची लोकल ऐकू आली.

मग पुन्हा लिहायला बसवलं. अट एकच : प्रत्येक वाक्यावर भाऊ ‘का?’ विचारणार, त्याचं उत्तर पुढच्या वाक्यात हवं. चार कप्प्यांची नावं पाठ असलेली मुलं इथेच अडली. परीक्षेत नुसत्या नावांना पूर्ण गुण मिळतात, याचं मला फार वाईट वाटतं. पालकांनो, घरी वही बघाल तेव्हा ‘म्हणून’ आणि ‘कारण’ शोधा.

एका मुलानं लिहिलं, ‘गच्चीवरचं पाणी नळातून वाहून जातं, पण रक्त फिरून हृदयातच येतं.’ पंपाची उपमा कुठे तुटते, ते त्यानं आपणहून पकडलं.

आणि फूट व्हॉल्व्हवाल्या त्या मुलीनं लिहिलं, ‘डाव्या निलयाची भिंत जाड असते, कारण त्याला अख्ख्या अंगात रक्त ढकलायचं असतं. उजव्याला शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच पोचवायचं असतं. पहिल्या मजल्याला छोटा पंप पुरतो.’