मधले तीन आठवडे

(तालुक्याच्या ठिकाणी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पुढं माझ्या आईच्या वयाच्या काकू-मावशी बसल्यात, मागं तालमीतली आणि मंडळाची मुलं उभी आहेत. मला आज दोघांशीही बोलायचंय, पण मागच्या मुलांशी जरा जास्त. ती मधूनच निघून गेली तर माझं निम्मं बोलणं वाया जाईल, म्हणून आधीच सांगते, शेवटपर्यंत थांबा.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या याच खानापूर तालुक्यातली. मेडिसिनचं पुढचं शिक्षण घेता घेता एका मोठ्या रुग्णालयात ब्लड कॅन्सरच्या वॉर्डात निवासी डॉक्टर म्हणून काम करते. मोठे डॉक्टर राऊंडला येतात, औषध ठरवतात. ते औषध चढवणं, पहाटे प्रत्येकाचं रक्त काढणं, रिपोर्ट आणि रक्ताच्या पिशव्यांच्या मागं लागणं, रात्री सिस्टरचा फोन आला की उठून जाणं आणि पॅसेजमध्ये अडवून विचारणाऱ्या नातेवाइकांना उत्तर देणं, ही कामं आमच्याकडं असतात. त्यामुळं औषधाच्या आधी आणि नंतर माणसाचं काय होतं, ते आम्हाला फार जवळून दिसतं. आज बोलायचंय ते त्याबद्दल.

ब्लड कॅन्सर म्हटलं की घरातली माणसं खचतात. ‘आता किती दिवस?’ हा पहिला प्रश्न. खरं तर हा एक आजार नाही, अनेक आजारांचं ते एक नाव आहे. त्यातल्या सीएमएल नावाच्या आजारात रोज गोळी घेऊन माणूस वर्षानुवर्षं शेती-नोकरी करतो. इमॅटिनिब ही ती गोळी, अमेरिकेत 2001 साली मंजूर झाली. तिच्या पेटंटचा दावा आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 1 एप्रिल 2013 ला फेटाळला, म्हणून इथं कंपन्यांना ती स्वस्तात बनवत राहता आली. माझ्या ओपीडीत ऊसतोडीच्या हंगामात रजा मागणारे पेशंट आहेत ते या गोळीवरचे.

लहान मुलांमधल्या रक्ताच्या कर्करोगाची गोष्ट तर आपल्या फार जवळची आहे. 1928 मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणारा रक्तक्षय त्यांनी अभ्यासला. आपल्या भागातली किती घरं त्या काळात गिरण्यांवर जगत होती, हे इथल्या म्हाताऱ्यांना माहीत आहे. या बायका यीस्टच्या अर्कानं सुधारतात, हे विल्सबाईंनी दाखवलं. त्या अर्कात जो घटक होता तो पुढं फोलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखला गेला. मग लक्षात आलं की ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या या कर्करोगाच्या, मुलांना फोलिक अ‍ॅसिड दिलं तर आजार उलट भडकतो. तेव्हा फोलिक अ‍ॅसिडचं काम अडवणारं औषध का देऊ नये? ते औषध अमेरिकेत लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालं आणि तिथं संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. बोस्टनच्या डॉक्टर सिडनी फार्बर यांनी ते सोळा मुलांना दिलं आणि दहा मुलांमध्ये आजार काही काळ मागं हटला. हे 1948 साली छापून आलं. तोवर या आजाराला औषध म्हणून काही नव्हतंच. आज पुढारलेल्या देशांत दहातली जवळजवळ नऊ मुलं बरी होतात. त्याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट आजही आम्ही मुलांना देतो. म्हणून ‘याला काही उपाय नाही हो’ असं कुणी म्हणालं, की मला ते ऐकवत नाही.

आता मुद्द्यावर येते. मोठ्या माणसांना अचानक होणारा जो ल्युकेमिया आहे, एएमएल, त्याचं औषध कसं चालतं? रक्त तयार होतं हाडांच्या आतल्या मज्जेत. आजारात ती मज्जा बिघडलेल्या पेशींनी भरून जाते. ती रिकामी करण्यासाठी एक औषध सात दिवस चढवतात आणि दुसरं, लालभडक रंगाचं, तीन दिवस. त्यानं लघवीही तांबडी होते. ‘रक्त जातंय’ म्हणून बायका घाबरतात, त्यांना आम्ही आधीच सांगून ठेवतो. औषध वाईट पेशींबरोबर चांगल्याही मारतं. दहाव्या-बाराव्या दिवशी रिपोर्ट येतो तेव्हा जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या असतात. रक्तस्राव थांबवणाऱ्या, एरवी दीड लाखाच्या वर असणाऱ्या प्लेटलेट दहा हजाराच्या खाली उतरलेल्या असतात. नवी मज्जा उगवून पेशी वर यायला साधारण तीन आठवडे लागतात. तोवर माणूस जंतूंपुढं आणि रक्तस्रावापुढं उघडा असतो. औषध लागू पडलंय, आजार हटलाय, आणि तरी माणूस या मधल्या दिवसांत जातो, असं होतं. वॉर्डात काम करणाऱ्याला सगळ्यात जास्त छळतं ते हे. कारण इथं हरणं टाळता येण्यासारखं असतं.

पहिली वेळ रुग्णालयातच जाते. पुढच्या किमोनंतर, म्हणजे कॅन्सरच्या औषधांच्या पुढच्या फेरीनंतर मात्र पेशंट घरी जातो आणि त्याच्या पेशी घरी असताना उतरतात, जांबोटीत, कणकुंबीत, चंदगडच्या एखाद्या वाडीत. तिथं ताप येतो.

इथं नीट ऐका. पांढऱ्या पेशी नसलेल्या माणसाला जंतुसंसर्ग झाला तर पू होत नाही, सूज फारशी येत नाही, छातीच्या फोटोतही सुरुवातीला काही दिसत नाही. कारण हे सगळं घडवतात त्या पांढऱ्या पेशीच. राहतो तो फक्त ताप. 100.4 फॅरनहाइटच्या वर एकदा काटा गेला आणि तासभर तिथंच राहिला, की ती इमर्जन्सी. 101 दिसला तर तासभरही थांबायचं नाही. आमच्याकडं अशा पेशंटला पहिलं अँटिबायोटिक तासाभरात गेलं पाहिजे असा दंडक आहे. रिपोर्टची वाट बघत नाही. दोन जागचं रक्त कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या, बाटल्यांत घेतलं की लगेच औषध चालू.

एका बाईंची गोष्ट सांगते तुम्हाला. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. रात्री दहाच्या सुमारास त्यांच्या मालकांचा फोन आला. “मॅडम, जरा कणकण होती बघा. क्रोसिन दिली, उतरला ताप. सकाळच्या पहिल्या बसनं येतो की.” मी म्हटलं, “काका, सकाळ नको. आत्ता निघा.” पावसाचे दिवस, घाटातला रस्ता. शेजाऱ्यानं आपली ओम्नी काढली. त्या आल्या तेव्हा अंग घामानं गार, नाडी एकशे तीसच्या पुढं, बीपी उतरत चाललेलं. बोलत होत्या मात्र नीट, उगाच सगळ्यांना जागवलं म्हणून माझीच समजूत काढत होत्या. आमच्या सिस्टरनं एका हातात सलाईन लावलं, मी दुसऱ्या हातातून रक्त घेतलं, आणि औषधाची सुई टोचेपर्यंत वॉर्डातल्या मामांनी नमुने लॅबमध्ये पोचवलेसुद्धा. पहाटे चारला बीपी वर आलं. दुसऱ्या दिवशी कल्चरमध्ये जंतू वाढले, आणि ते त्याच औषधाला दबणारे निघाले. त्या आज बऱ्या आहेत.

त्याच महिन्यात एक पोरगा आला, उपचार दुसरीकडं चाललेले. त्यालाही रात्रीच ताप आला होता. वडिलांनी गोळी दिली, ओल्या फडक्याच्या पट्ट्या ठेवल्या, रात्रभर उशाशी बसले आणि उजाडल्यावर घेऊन आले. पाय गार पडले होते. संध्याकाळपर्यंतच होता तो. त्या बापाचं काही चुकलं नव्हतं. आपण सगळे लहानपणापासून तापाला हेच करत आलोय. ‘ताप आल्यास ताबडतोब दाखल व्हा’ ही ओळ त्याच्या डिस्चार्ज कार्डावर होती, पण इंग्रजीत, शेवटच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात. त्या दिवसापासून मी घरी जाणाऱ्या प्रत्येकाच्या कार्डावर वरच्या बाजूला स्वतः लिहिते, मराठी वाचणाऱ्याला मराठीत. कन्नड वाचणाऱ्यासाठी सिस्टर लिहितात. खाली वॉर्डाचा फोन नंबर. मग वाचून घेते त्यांच्याकडून, मोठ्यानं.

गावात प्रॅक्टिस करणारे डॉक्टर इथं बसलेत, त्यांनाही हात जोडून एक विनंती. किमो चाललेला पेशंट तापानं तुमच्याकडं आला तर कमरेत इंजेक्शन देऊ नका. प्लेटलेट कमी असतात, स्नायूत रक्त साकळतं आणि तिथंच पुढं गळू धरतं. डायक्लोफिनॅक, ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन नको. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेट निकामी करतं आणि बाकीची दोन्ही रक्तस्राव वाढवतात. एनिमा नको. शिरेतून सलाईन लावता आलं तर लावा, आम्हाला फोन करा, आणि पाठवून द्या. तुम्ही गाडी बघून दिलीत तर अर्धा इलाज झाला.

काकू-मावशींना एवढंच, की पेशंटला बघायला घरी गर्दी करू नका. माया आहे म्हणून येता, कळतं मला. पण कुणाला सर्दी असते, कुणाच्या कडेवर गोवराचं लेकरू असतं. सौंदत्तीहून आणलेला भंडारा कपाळाला जरूर लावा, पण सलाईनच्या सुईच्या जागी, नळीच्या जागी लावू नका. खाणं घरचं, ताजं, गरम. कच्ची कोशिंबीर आणि चिरून उघडी ठेवलेली फळं या दिवसांत नकोत.

आता मागच्या मुलांनो. प्लेटलेट.

प्लेटलेटची पिशवी कधी बघितलीय का? लाल नसते ती, फिकट पिवळी असते. उजेडासमोर धरून हळूच हलवली तर आत चकाकत्या भोवऱ्या फिरतात. भोवऱ्या दिसल्या म्हणजे पेशी जिवंत आहेत. पिशवी लावण्याआधी मी हे प्रत्येक वेळी बघते. ही पिशवी फ्रीजमध्ये ठेवता येत नाही. 20 ते 24 अंशांत, सतत हलत्या तबकावर ठेवावी लागते आणि पाच दिवसांत संपवावी लागते. तांबड्या पेशींची पिशवी महिनाभराच्या वर टिकते, ही टिकत नाही.

आता आपल्या शिबिरांचा विचार करा. शिवजयंतीला सगळ्या गावांत शिबिर, एकाच आठवड्यात. रक्तपेढी भरते. पाचव्या दिवशी न लागलेल्या प्लेटलेट टाकून द्याव्या लागतात. मग गणपती-दिवाळीत, सुगीत, परीक्षांच्या दिवसांत माझ्यासमोर नाकातून रक्त थांबत नसलेला माणूस असतो आणि पेढी रिकामी. शिबिरं बंद करा असं मी म्हणत नाही, तुमच्या त्या उत्साहावर पुष्कळ जीव वाचलेत. पण ब्लड कॅन्सरच्या वॉर्डाला वर्षभर, थोडं थोडं, पाळीपाळीनं लागतं.

शिवाय नेहमीच्या रक्तदानातून निघालेल्या प्लेटलेट मोठ्या माणसाला एका वेळेस चार ते सहा जणांच्या लागतात. दुसरी पद्धत आहे, तिला एसडीपी म्हणतात. दाता मशीनला तास-दीड तास बसतो, मशीन फक्त प्लेटलेट काढून घेतं आणि तांबड्या पेशी परत देतं. एका माणसात काम होतं. त्याच्या प्लेटलेट दोन-तीन दिवसांत भरून येतात. साधं रक्त दिल्यावर पुरुषाला तीन महिने थांबावं लागतं, तसं इथं नाही. नियमानं 48 तासांनंतर परत देता येतं, वर्षात 24 वेळांपर्यंत. वजन पन्नास किलोच्या वर पाहिजे, आणि आधीच्या तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेलं नको. ‘अशक्तपणा येतो, तालीम सुटते’ असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. ओठाला मुंग्या येतात कधीकधी, कॅल्शियमची गोळी दिली की थांबतात.

एक गोष्ट घरच्यांना पटत नाही, म्हणून इथं सांगते. सख्खा भाऊ बाहेर बाही वर करून उभा असतो आणि आम्ही त्याचं रक्त नको म्हणतो. त्याला राग येतो, आणि साहजिक आहे. पण पुढं बोन मॅरो ट्रान्सप्लांट करायची वेळ आली तर त्याचीच मज्जा लागू शकते. प्रत्येक सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आधीच त्याचं रक्त दिलं तर पेशंटचं शरीर भावाच्या पेशी ओळखून त्यांच्याविरुद्ध तयार होऊन बसतं. शिवाय जवळच्या नात्यातलं रक्त खास किरणं दिल्याशिवाय दिलं, तर क्वचित त्यातल्या पेशीच पेशंटवर उलटतात. म्हणून या आजारात भावापेक्षा शेजारी, मित्र, तालमीतला जोडीदार जास्त कामाचा.

पैशांबद्दल थोडक्यात. आमच्या वॉर्डात शेजारशेजारच्या दोन खाटांवर एकाकडं कर्नाटकच्या सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड असतं, दुसऱ्याकडं महाराष्ट्राच्या. चंदगडच्या माणसाला बेळगाव जवळ, कोल्हापूर शंभरेक किलोमीटर. कुठलं कार्ड कुठल्या रुग्णालयात चालतं, हे दाखल झाल्याच्या पहिल्याच दिवशी योजनेच्या खिडकीवर विचारा. कार्ड, आधार आणि रेशनकार्ड तिघांच्या झेरॉक्स पिशवीत ठेवा. औषध दोन दिवस उशिरा चालू झालं ते निव्वळ कागदापायी, असं मी बघितलंय.

तर मुलांनो, माझं मागणं असं आहे. प्रत्येक मंडळानं एक वही करा. नाव, रक्तगट, वजन, मोबाईल नंबर, आणि शेवटचं रक्त किंवा प्लेटलेट कधी दिल्या ती तारीख. फोन आला की ज्याची पाळी असेल त्यानं यायचं. सगळ्यांनी एकदम जीप भरून येऊ नका. येताना जेवून या, उपाशी दात्याला परत पाठवावं लागतं. आणि त्याच वहीच्या पहिल्या पानावर रात्री-अपरात्री गाडी काढायला तयार असलेल्या तिघांची नावं आणि नंबर लिहा. व्याख्यान संपल्यावर मी इथंच बसणार आहे, ज्यांना रक्तगट माहीत नाही त्यांनी तो कुठं तपासायचा ते विचारून जा.