शिट्टी नसलेला कोच

१९४३ साल. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात त्रिनिदाद म्हणून एक गाव आहे, कोळशाच्या खाणींचं, तिथल्या कॅथलिक हायस्कूलच्या फुटबॉल कोचला महायुद्धासाठी सैन्यात बोलावणं येतं आणि शाळा म्हणते आता टीमच बंद करू. तेव्हा सोळा वर्षांचा एक पोरगा पुढे येतो, म्हणतो मी शिकवतो. पोरगा त्याच टीमचा खेळाडू, इटालियन घरातला, नाव जॉन गॅग्लियार्डी.

फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नाही बरं का, अमेरिकन, हेल्मेटवाला, लांबट बॉल हातात धरून पळायचं आणि समोरच्याने अंगावर झेपावून पाडायचं, त्याला टॅकल म्हणतात, कबड्डीतली पकड समजा पण पूर्ण वेगात.

तर ह्या पोराने कोच झाल्या झाल्या काय केलं, तर जे जे त्याला स्वतःला नकोसं व्हायचं ते बंद करून टाकलं. आधीचे कोच बदकासारखं बसून चालायला लावायचे, प्रॅक्टिसमध्ये पाणी पिऊ द्यायचे नाहीत. ह्याने सांगितलं, पाणी प्या रे. खरं तर त्याच्या सगळ्या करिअरची किल्ली मला इथेच दिसते, त्याने नवीन फारसं काही आणलंच नाही, नुसतं काढत गेला.

पुढे कॉलेज झालं, १९४९ मध्ये माँटाना राज्यातल्या कॅरोल कॉलेजात नोकरी लागली, चार सीझनमध्ये तीन वेळा कॉन्फरन्सचं, म्हणजे आसपासच्या कॉलेजांच्या लीगचं, विजेतेपद मिळवलं. आणि १९५३ मध्ये तो मिनेसोटात आला, सेंट जॉन्स युनिव्हर्सिटी, नाव मोठं पण कॉलेज लहान, बेनेडिक्टाइन ह्या ख्रिश्चन पंथाच्या साधूंनी चालवलेलं, फक्त मुलांचं, चारी बाजूंनी जंगल आणि तळी. आला तो साठ सीझन तिथेच राहिला.

आता त्याची प्रॅक्टिस कशी असायची ते ऐका. शिट्टी नाही. टॅकल नाही, म्हणजे अंगावर जायचं ते फक्त शनिवारी मॅचमध्ये, आठवडाभर आपल्याच पोरांना पाडून जखमी कशाला करायचं? सेशन दीड तासाच्या वर नाही. डास जास्त झाले की प्रॅक्टिस बंद, खरंच बंद. टीममधून कुणाला काढायचं नाही, त्यामुळे दीडशेच्या वर पोरं असायची. आणि कोच म्हणायचं नाही, जॉन म्हणायचं. एक ड्रिल तर अशी की सगळ्यांनी गवतावर पाठीवर झोपायचं, आकाशाकडे बघायचं आणि शेजारच्याला सांगायचं, काय मस्त दिवस आहे ना!

तुम्ही म्हणाल ही काय पिकनिक आहे का. नव्हती. उरलेला सगळा वेळ डोक्याच्या कामाला, मॅचच्या फिल्म बघायच्या, एकच चाल पुन्हा पुन्हा, प्रत्येकाला आपली जागा झोपेतसुद्धा सांगता येईल इतकी.

रिझल्ट बघा. १९६३ आणि १९६५ ला राष्ट्रीय विजेतेपद, मग १९७६ ला. नंतर सत्तावीस वर्षं वाट बघावी लागली, ह्यावर कुणी फार बोलत नाही. सेंट जॉन्स डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या तिसऱ्या गटात, तिथे खेळासाठी स्कॉलरशिप द्यायलाच बंदी, म्हणजे पोरं आपापल्या फीने शिकणार आणि वर खेळणार.

आणि मग २००३. ८ नोव्हेंबरला बेथेल कॉलेजच्या टीमविरुद्ध २९-२६, हा त्याचा ४०९ वा विजय, ग्रँबलिंग कॉलेजचे कोच एडी रॉबिन्सन यांचा ४०८ चा रेकॉर्ड मोडला. डिसेंबरमध्ये राष्ट्रीय विजेतेपदाची फायनल, समोर माउंट युनियन, सलग ५५ मॅच जिंकून आलेली टीम. सगळ्यांनी धरूनच चाललेलं की ही ५६ वी. स्कोअर लागला २४-६, सेंट जॉन्सच्या बाजूने. तेव्हा जॉन सत्याहत्तरचा होता!

डिव्हिजन थ्रीच्या सर्वोत्तम खेळाडूला १९९३ पासून जी ट्रॉफी देतात ती त्याच्याच नावाची, म्हणजे तो कोचिंग करतच होता आणि त्याच्या नावाने बक्षीस वाटलं जात होतं, हे जरा गंमतीचंच.

२०१२ मध्ये थांबला. शेवटचा सीझन साधारणच, पाच जिंकल्या पाच हरल्या. एकूण ४८९ विजय, १३८ पराभव, ११ बरोबरी, कॉलेज फुटबॉलमध्ये इतके विजय दुसऱ्या कुणाचे नाहीत. ७ ऑक्टोबर २०१८ ला तो गेला, एक्क्याण्णव वर्षांचा होता.

त्या शेवटच्या सीझनला टीममध्ये अठरा-एकोणीस वर्षांची पोरं होती, आजोबापेक्षाही म्हातारा माणूस समोर उभा, आणि तीही त्याला जॉनच म्हणत होती.