फोमच्या विमानाचा पंख मधोमध का मोडतो, आणि बांबूच्या दोन कामट्या त्याला कशा वाचवतात

नमस्कार मंडळी. टेबलावर आहे रिमोटवर उडणाऱ्या विमानाचा पंख: 1100 मिलिमीटर लांब, 5 मिलिमीटर फोमबोर्डचा, म्हणजे दोन कागदांमध्ये फोम असलेल्या शीटचा.

(जवळून: पंखाचा मध्य, वरची बाजू)

मधोमध आडवी सुरकुती दिसतेय? कागद दुमडलाय, आतला फोम चेपलाय. आता उलटा करतो. खालची टेप बघा, जशीच्या तशी. मैदानावर कोणाचाही पंख असा मोडला की पहिला प्रश्न तोच: 'काऊन तुटला भाऊ, एवढी टेप तर लावली होती?'

टेप होती, पण तिच्या कामाची जागा वेगळी होती. उडताना हवा पंखाला वर उचलते आणि विमानाचं वजन मधून खाली ओढतं. म्हणजे खालची बाजू ताणली जाते, वरची दाबली जाते. टेप ताण घेते. दाब आला की ती नुसती गोळा होते. आणि फोम दाबालाच कच्चा. म्हणून सुरकुती नेहमी वरून सुरू होते.

थोडा हिशेब करू. विमान 600 ग्रॅमचं धरा. सूर मारून रिमोटची स्टिक जोरात ओढली की सहज चौपट भार येतो, म्हणजे 2400 ग्रॅम. प्रत्येक बाजूला 1200, आणि तो भार मध्यापासून साधारण 25 सेंटिमीटरवर आहे असं समजा. 1.2 गुणिले 25, म्हणजे 30 किलो-सेंटिमीटर. हे सगळं पंखाच्या जाडीने पेलायचं. वरचा आणि खालचा आधार यांत 2.2 सेंटिमीटर अंतर असेल, तर खाली साडेतेरा किलोची ओढ आणि वर साडेतेरा किलोचा दाब. साडेतेरा किलो, फोमवर.

बरेच जण 6 मिलिमीटरची कार्बन नळी आणतात आणि पंखाच्या जाडीच्या बरोबर मध्यावर बसवतात. नळी चांगली, जागा चुकीची. मधला थर धड ताणलाही जात नाही, दाबलाही जात नाही. आधार जितके एकमेकांपासून लांब तितका पंख ताठ: अंतर दुप्पट, तर ताठपणा चौपट. म्हणून आपण दोन बारीक कामट्या घेणार, एक अगदी वरच्या पृष्ठभागात, एक अगदी खालच्या. आणि त्यांना कार्बनची गरज नाही. बुरडाकडे जा, बांबूच्या कामट्या मागा. (नागपूरजवळच्या कामठी गावाला जायचं नाही, कामटी मागायची.)

प्रत्येक कामटी 700 मिलिमीटर लांब, 4 रुंद, 3 जाड. दोन्ही मिळून 12 ते 15 ग्रॅम. बाहेरच्या सालीकडचा भाग घ्या, तिथे धागे दाट असतात. आतला पांढुरका भाग तासून टाका. पेर, म्हणजे बांबूची गाठ, मध्यावर येऊ देऊ नका. कारण मध्यावरच आपल्याला कामटी वाकवायची आहे.

वाकवायची का? विमान तीन चॅनेलचं आहे, म्हणजे रिमोटवरून तीनच गोष्टी चालतात: थ्रॉटल (मोटरचा वेग), एलिव्हेटर (शेपटीची आडवी झडप), रडर (शेपटीची उभी झडप). एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा, नाहीत, म्हणून पंख थोडे वर उचललेले लागतात, प्रत्येक बाजूला 5 अंश. त्यात एक फायदाही आहे, एलेरॉनसाठी पंख कापावा लागत नाही.

(मेणबत्तीवर कामटी)

कामटीचा मध्य पाण्यात भिजवलेल्या फडक्याने ओला करा, ज्योतीपासून बोटभर वर धरा, हलवत राहा. फिकट तपकिरी रंग आला की वाकवा आणि थंड होईपर्यंत तशीच धरा. काळी पडली तर टाकून द्या, जळलेला बांबू कटकन मोडतो. माप असं: एक अर्धा भाग टेबलावर दाबला की दुसरं टोक 6 सेंटिमीटर वर यायला हवं.

आता फोमबोर्ड. नागपुरात सीताबर्डीतल्या मोठ्या स्टेशनरी दुकानांत ए-वन आकाराची शीट मिळते, 841 बाय 594. तिच्यातून 420 बाय 550 चे दोन तुकडे निघतात, म्हणजे दोन्ही पंख एकाच शीटमध्ये. पण घेताना वजन करा. 150 ग्रॅमच्या आसपास असेल तर उत्तम. 250 च्या वर असेल तर आतल्या बाजूचा कागद सोलावाच लागेल. बाहेरचा सोलू नका, तो दाब घ्यायला मदत करतो. आणि पीव्हीसीचा सनबोर्ड दिसायला तसाच असतो. त्याची एवढीच शीट किलोच्या वर जाते. तो दुकानाच्या पाटीसाठी.

420 ची बाजू दुमडून पंखाची रुंदी 200. पुढच्या कडेच्या आत 10 मिलिमीटर अंतराने तीन समांतर रेघा दाबा, फोम बाटलीवरून वळवा, मग दुमडा. पुढच्या कडेपासून 60 मिलिमीटरवर 15 मिलिमीटर उंचीची फोमची दुहेरी पट्टी उभी चिकटवा. ही पट्टी फालतू समजून गाळू नका. वरची कामटी आणि खालची कामटी एकमेकींवरून सरकू नयेत, हे काम तिचं आहे. दोन्ही अर्धे मध्यावर जोडताना एक सपाट ठेवला की दुसऱ्याचं टोक साडेनऊ सेंटिमीटर वर.

मग त्याच पट्टीच्या बरोबर वर, बाहेरून 4 रुंद आणि 3 खोल खाच कापा. ब्लेड नवं घ्या, बोथट ब्लेड फोम ओरबाडतं. खाचेत अपॉक्सी (दोन भाग कालवून लावायचा गोंद), त्यात कामटी, वरून पुसून सपाट. उलटा करा, खाली तसंच. तुमचं जुनं विमान असेल तरी ही खाच बाहेरूनच पाडता येते, पंख उघडायची गरज नाही. आत उभी पट्टी आहे ना, एवढं मात्र आधी बघा. शेवटी मध्यावर 10 सेंटिमीटर सुती दोरा घट्ट गुंडाळा आणि त्यावर पातळ फेविकॉल.

गोंदाबद्दल थांबूनच बोलतो, कारण नागपुरात निम्मी विमानं इथे मरतात. फेविक्विक थर्माकोल आणि फोमबोर्डच्या आतला फोम विरघळवतं, खड्डा पडतो. रबरी गोंदांतलं सॉल्व्हंटही तेच करतं. फेविकॉल चालतं, पण फोम-फोममध्ये रात्रभर सुकत नाही, कारण पाणी जायला वाट नसते. राहिली ग्लू गन. पटकन होते, म्हणून सगळे वापरतात. दोन अडचणी. पहिली वजन: 11 मिलिमीटर जाडीची, 20 सेंटिमीटरची एक कांडी साधारण 18 ग्रॅम. चार कांड्या ओतल्या की मोटरपेक्षा जास्त वजन झालं. दुसरी ऊन. मे महिन्यात काचा बंद करून उन्हात उभ्या गाडीत हा गोंद मऊ पडतो. विमान डिक्कीत ठेवलं, चहा पिऊन आलात, मोटर जिच्यावर बसते ती पाटी हाताने हलते. म्हणून ग्लू गन खोक्यासारख्या धडाच्या कडांना वापरा. पंखाचा कणा (कामट्या आणि उभी पट्टी), मोटरची पाटी आणि शेपटीचा जोड अपॉक्सीने. उन्हाळ्यात पाच मिनिटांची अपॉक्सी पाच मिनिटंही देत नाही. थोडी थोडी कालवा.

मोटर 2212, 1000 केव्ही (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला 1000 फेरे). पंखा 10 बाय 4.5 इंच. ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) 30 अँपिअर, तीन सेलची 1500 एमएएच बॅटरी, 9 ग्रॅमचे दोन सर्वो (शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी). मोटरची पाटी 3 मिलिमीटर प्लायची, 50 मिलिमीटर उंच. वरच्या स्क्रूंखाली 2 मिलिमीटरचे वॉशर टाका, मोटर दोनेक अंश खाली झुकते. नाहीतर थ्रॉटल दिला की विमान नाक वर करून उभं राहतं. थोडी उजवीकडेही वळवा.

पाटी खूप भक्कम करू नका, बरं का. नाक जमिनीवर आपटल्यावर काहीतरी तुटणारच. पाटी तुटली तर वीस रुपयांचं काम. पाटी वाचली तर मोटरचा दांडा वाकतो. पंखाचंही तेच: तो धडाला चिकटवायचा नाही, धडातून आरपार गेलेल्या बांबूच्या काड्यांना सहा-आठ रबरबँडने बांधायचा. आपटला की सुटून बाजूला पडतो. रबर मात्र आपल्या उन्हात लवकर चिरतं, दर वेळी नवं घ्या.

शेपूट झटपट. एलिव्हेटरचे दोन भाग एकाच बांबूच्या काडीने जोडा, नाहीतर एक भाग जास्त वळतो आणि विमान आपोआप तिरकं होतं. धडाच्या मागच्या चारही कोपऱ्यांवर लांबीच्या दिशेने फायबरची टेप. इथे टेप कामाची आहे, कारण शेपूट वर-खाली, डावी-उजवी सगळीकडे ताणली जाते.

सीजी, म्हणजे विमानाचा तोल जिथे साधतो तो बिंदू, पंखाच्या पुढच्या कडेपासून 50 ते 60 मिलिमीटर. बॅटरी पुढेमागे करून जुळवा, शिसं भरू नका. पहिल्या वेळी 50 च ठेवा.

उडवायचं पहाटे. वारा नसतो हे एक, आणि मे महिन्याच्या दुपारी 45 अंशांत हवा थंडीच्या सकाळपेक्षा जवळपास 10 टक्के विरळ असते. पंखाला जास्त वेग लागतो, मोटरची ओढ कमी होते. जागा निवडताना ड्रोनचा सरकारी नकाशा आधी उघडा. ड्रोन नियम 2021 मध्ये आपली मॉडेलंही येतात, आणि सोनेगावचा विमानतळ शहराला लागूनच आहे. त्याच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. म्हणजे घरामागचं मैदान बहुतेक बाद.

निघण्याआधी एक चाचणी.

(दोन स्टूल, विमान)

बॅटरीसकट पूर्ण विमान. पंखाची दोन्ही टोकं दोन स्टुलांवर टेकवा, धड मध्ये अधांतरी. नुसत्या 600 ग्रॅमवर हे उड्डाणातल्या दुपटीहून जास्त भाराएवढं झालं, कारण आधार अगदी टोकाला आहे. आता सीजीवर अर्धा किलो साखरेची पिशवी अलगद ठेवा. 1100 ग्रॅमचा अर्धा 550, गुणिले 55 सेंटिमीटर: साधारण 30 किलो-सेंटिमीटर. सुरुवातीला काढलेला चौपट भार तुमच्या टेबलाजवळ.

पंख वाकेल, वाकू द्या. पिशवी काढल्यावर सरळ झाला तर मैदानावर न्या. कुरकुर ऐकू आली तर गोंद सुटतोय, खाच उघडा. टक् असा एकच आवाज आला तर कामटी गेली. आणि ती पेराजवळच गेलेली असेल, बघा.