कुळवाची फास आणि मशीनचं पातं

मंडळी, पत्रिकेवर माझा विषय छापलाय, ‘फरशी खरवडण्याचं मशीन : सुरक्षित वापर आणि देखभाल’. देखभाल मी शेवटी घेणार आहे, तिच्यासाठी वेळ राखून ठेवतो. आधी एक विचारतो. लहानपणी कुळवावर बसून रानात चक्कर मारलेले इथं किती जण आहेत? हात वर करा. बघा, निम्मं सभागृह! पुण्यात फ्लोअरिंगच्या कामाला सोलापूर, लातूर, बीडकडची माणसं बरीच, त्यामुळे मला खात्री होतीच.

आमचं रान मंगळवेढ्याकडचं, काळं. नांगरट झाली, ढेकळं उन्हानं तापली की कुळवाची पाळी. लाकडी दिंड म्हणजे आडवा ओंडका, त्याला खाली जानवळी म्हणजे दोन खुंट, आणि जानवळ्यांत आडवी बसवलेली लोखंडी फास. विदर्भातली मंडळी वखर म्हणतील, पास म्हणतील, तेही चालेल. ती फास मातीत दोन-तीन बोटं खाली आडवी सरकते, तणाची मुळी कापते आणि वरचा थर सुटा करते. बैल ओढतात, फास कापते, वजन फासेला खाली धरून ठेवतं. वजन कमी पडलं तर दिंडावर धोंडा, नाहीतर आम्हा भावंडांपैकी एक जण. त्या जागेसाठी आमची मारामारी व्हायची. मागून वडील रुमणं, म्हणजे कुळवाचा दांडा, धरून चालायचे. मी त्यांना कधी रुमणं रेटताना पाहिलं नाही. हात हलका असायचा. फासेत हरळी अडकली की बैल थांबवायचे, कुळव उचलायचा, पायानं गचपण बाजूला सारायचं आणि पुढं निघायचं. फास बोथटली की लोहाराकडून शेवटून, म्हणजे ठोकून धार काढून, आणायची. बोथट फास घेऊन ते रानात गेले नाहीत, कारण बोथट फास वर उचलते आणि बैलांच्या खांद्याला त्रास होतो.

आता आपलं मशीन डोळ्यांपुढं आणा. मागून चालत चालवायचं मशीन. वर मोटर, पुढं आडवं पातं, मागं दोन चाकं, उभा दांडा. मोटर एक विकेंद्री चकती फिरवते, म्हणजे मध्यभाग सोडून एका बाजूला बसवलेली, त्यामुळे डोकं पुढं-मागं थरथरतं आणि पातं गोंदाच्या थराखाली सरकतं. पात्यावर मशीनचं वजन असतं, लागलं तर वर आणखी वजनं चढवता येतात. हा कुळव आहे, मंडळी! दिंड आहे, फास आहे, धोंडा आहे, रुमणं आहे. बैलांच्या जागी मोटर आली एवढंच.

आणि आपण त्याला काय समजतो? ब्रेकर, म्हणजे ठोकून फोडायचं मशीन. माझी तक्रार हीच आहे, आणि गेली वीस वर्षं मी ती प्रत्येक साइटवर मांडतोय. आपली सगळी पिढी छिन्नी-हातोड्यावर वाढली. जोर लावला की लादी निघते हे हातात बसलंय. तोच हात मशीनच्या दांड्यावर पडतो आणि रेटायला लागतो. पातं पुढं जात नाही, म्हणून माणूस पोट लावतो. तरी जात नाही, म्हणून दांडा वर उचलतो, म्हणजे पात्याचं तोंड खाली रुततं. माझ्या पाहण्यातले बहुतेक अपघात तिथून सुरू झाले.

एक रात्र सांगतो. ती सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही.

पुण्यातल्या एका कंपनीचं ऑफिस, तिसरा मजला. शुक्रवारी संध्याकाळी लोक घरी गेले की मजला आमच्या ताब्यात, सोमवारी सकाळी मोकळा करून द्यायचा. वर कार्पेटच्या लाद्या, त्या सहज निघाल्या. खाली जुनं विनाइल, सोल्यूशननं, म्हणजे गोंदानं, कोब्याला घट्ट धरलेलं. मशीन भाड्यानं आणलेलं. त्याच्यासोबत एकच पातं आलं. मी सुपरवायझर होतो. रात्री आठला ते पातं मी हातात घेतलं, धारेवर अंगठा फिरवला. धार गोल झालेली, पितळी उलथन्याच्या कडेसारखी. दुकान बंद झालं होतं. मी पोराला म्हणालो, “चालवून घे.”

पोरगा धाराशिवकडचा, बावीस वर्षांचा, अंगानं मजबूत. त्यानं चालवून घेतलं. पहिला तास मशीन विनाइलवरून नुसतं घसरत होतं. मग त्यानं छाती टेकवली. दहा-साडेदहाला त्यानं दांडा वर उचलून रेटायला सुरुवात केली, आणि त्या पद्धतीनं काम होतंय म्हणून आम्हाला बरंही वाटलं. साडेअकराच्या सुमाराला पातं जमिनीत गाडलेल्या रेसवेच्या, म्हणजे वायरींच्या नळीच्या, डबीच्या कडेत अडकलं. विनाइलखाली ती डबी आम्ही शोधली नव्हती. मशीन जागच्या जागी थांबलं, पोरगा थांबला नाही. दांडा बरगडीत बसला. दोन बरगड्यांना तडा. सहा आठवडे तो घरी होता आणि त्याची आई मला फोन करायची. रागवायची नाही, फक्त विचारायची, “साहेब, मशीनला काय झालं होतं?” मशीनला काहीच झालं नव्हतं. पात्याला धार नव्हती. नव्या पात्याची किंमत तेव्हा त्याच्या एका दिवसाच्या हजेरीएवढी होती.

तेवढ्यावर ती रात्र संपली नाही. पहाटे ओळखीच्या माणसाला उठवून नवं पातं आणलं. दोन वाजेपर्यंत जे निघत नव्हतं ते सहा वाजता भाकरी तव्यावरून सुटावी तसं सुटायला लागलं. आम्ही खूश. काम संपवून मशीन टेम्पोत चढवताना ते पातं तसंच लावलेलं राहिलं आणि खालून आधार देणाऱ्या मदतनिसाचा तळवा कापला, सात टाके पडले. बोथट पात्याचा धडा आम्ही शिकलो होतो, धारदार पात्याचा शिकायचा राहिला होता. म्हणून सांगतो, मशीन जागेवरून हलवायचं तर आधी पातं उतरवा. लिफ्टमध्ये न्यायचं असो, टेम्पोत चढवायचं असो की शेजारच्या खोलीत उंबरा ओलांडून न्यायचं असो. उतरवलेलं पातं फडक्यात गुंडाळून नव्हे, लाकडी खोक्यात ठेवा.

त्या डबीबद्दल आणखी थोडं. आपल्याकडच्या ऑफिसांत कोब्यात रेसवे गाडलेला असतो, त्यात विजेच्या तारा असतात, आणि वरचं आच्छादन बदललं की डब्या झाकल्या जातात. काम सुरू करण्याआधी इलेक्ट्रिशियनला बरोबर घेऊन मजला फिरा, डब्यांवर खडूनं चौकोन काढा आणि रेसवेचा पुरवठा डीबीतून, म्हणजे विजेच्या मुख्य पेटीतून, बंद करून तिथं कुलूप लावा. नुसता स्विच पाडू नका, कारण रात्री चहावाला येतो, दिवा लागत नाही म्हणून दिसेल तो स्विच वर करतो. अँकर बोल्टची टोकं, दरवाजाच्या चौकटीचे खिळे, खोल्यांच्या मधल्या पितळी पट्ट्या, हे सगळं त्याच फेरीत.

मग चालवायचं कसं? विनाइल किंवा कार्पेट असेल तर आधी कटरनं पात्याच्या रुंदीएवढ्या पट्ट्या पाडून घ्या. सरसकट थराखाली पातं घालू नका. मोकळ्या कडेपासून सुरुवात करा. सहज निघणाऱ्या मालाला रुंद पातं, चिवट सोल्यूशनला अरुंद. अडलं की रुंदी कमी करा, वजन वाढवा, कोन बदला, पातं बदला. या चार गोष्टी करून झाल्याशिवाय अंगाचा जोर वापरायचा नाही, आणि झाल्यावरही वापरायचा नाही. पात्याच्या धारेची घासलेली बाजू, म्हणजे उतार, कोब्यावर वरच्या बाजूला आणि लाकडी जमिनीवर खालच्या बाजूला, नाहीतर पातं लाकडात शिरतं. कोन ठरवताना थालीपीठ उलटताना हात कसा असतो ते आठवा. उलथनं आडवं, तव्याला जवळजवळ टेकलेलं. उभं धरलं की थालीपीठ फाटतं. सिरॅमिक लादी मात्र सिमेंटच्या मसाल्यात घट्ट बसवलेली असते, तिला जाड पातं आणि जास्त उभा कोन लागतो.

मशीनपुढं कोणी उभं राहायचं नाही. लादीचा तुकडा उडतो तो पुढंच. निघालेला राडारोडा चाकांखाली आला की मशीन वर उचलतं, पात्याचा कोन बिघडतो आणि माणूस पुन्हा रेटतो. हरळी आठवा. थांबा, बाजूला करा, पुढं चला. दोन माणसं असली तर एकानं फक्त सफाई बघायची.

आता विजेबद्दल. मागच्या रांगेत इलेक्ट्रिकलची मंडळी बसली आहेत, त्यांच्यासमोर सांगतो, चुकलं तर अडवा. पन्नास मीटरची एक चौरस मिलिमीटरची वायर घेतली आणि मशीननं दहा अँपिअर ओढले, तर वायरमध्येच वीसएक व्होल्ट जातात. अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर सात-आठ. कमी व्होल्टेजवर मोटर जास्त करंट ओढते, तापते, आणि आपण म्हणतो मशीन हलकं निघालं. वायरचं रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर स्वतःच्या उष्णतेनंच वितळू शकते. तीन पिनी प्लग, चालू अर्थिंग आणि तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच, असल्याशिवाय प्लग लावू नका. अर्थिंगची पिन कापलेला प्लग दिसला तर काम थांबवा, मुकादम रागावला तर रागावू दे. वायर खांद्यावरून मागं घ्या, पात्याच्या वाटेत येऊ देऊ नका. बाहेरून आणलेलं, साठ हर्ट्झवर चालणारं मशीन कुणाकडे असेल तर ऐका. नुसता ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळतं, फ्रीक्वेन्सी जुळत नाही. आपल्याकडे पन्नास हर्ट्झ आहे, इंडक्शन मोटर सहाव्या हिश्शानं हळू फिरेल आणि जास्त तापेल.

धूळ. यावर मला खरं तर वेगळा तास हवा. कोबा आणि मसाला यांत सिलिका असते. तिची बारीक धूळ डोळ्यांना दिसत नाही आणि ती फुप्फुसात गेली की परत येत नाही. तिच्यामुळे होणाऱ्या सिलिकोसिस या फुप्फुसाच्या आजारावर उतारा नाही. अमेरिकेत २०१६ साली जो नियम आला त्यात आठ तासांच्या सरासरीनं एक घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठेवली. मिठाचा एक कण साधारण तेवढ्याच वजनाचा असतो. एक घनमीटर म्हणजे या टेबलाखालची जागा धरा, आणि त्यात मिठाचा एक कण! तोंडाला बांधलेला रुमाल तिथं काही कामाचा नाही. किमान एन ९५ मास्क, तो नाकावर घट्ट बसलेला, आणि झाडूऐवजी चांगल्या फिल्टरचा व्हॅक्यूम.

आणि जुनी इमारत असेल तर त्याच्याही आधी एक थांबा. एके काळी आपल्याकडे पीव्हीसी-अ‍ॅस्बेस्टॉसच्या लाद्या राजरोस बसवल्या जात. त्यांच्यासाठी भारतीय मानक होतं, आयएस ३४६१. बघून ओळखता येत नाही, नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो. अशा लादीवर आणि तिच्याखालच्या काळ्या गोंदावर हे मशीन लावायचं नाही. लादी फुटते आणि तिच्यातले अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू हवेत जातात. ते काम त्यातल्या प्रशिक्षित माणसांचं आहे. मालकाला हे पहिल्या भेटीतच सांगा, अंदाजपत्रक देण्याआधी. नंतर सांगितलं की त्याला वाटतं तुम्ही दर वाढवताय.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं उरलीत, आणि देखभाल अजून सुरूच केलेली नाही. भराभर सांगतो, लिहून घ्या.

पातं बदलताना आधी स्विच बंद, मग प्लग बाहेर, प्लग दिसेल असा जवळ ठेवा, मग हातमोजे घाला आणि मगच पान्याला हात लावा. मशीन मागं कलंडवून दांड्यावर टेकवा. पात्याच्या पकडीत अडकलेला गोंद खरवडून काढा, नाहीतर पातं सपाट बसत नाही. बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीनं आवळा. पहिली दहा मिनिटं चालवून पुन्हा तपासा. थरथरीनं बोल्ट ढिले होतात, ढिल्या बोल्टमुळे पात्याची भोकं लांबट होतात आणि मग ते पातं भंगारात.

धार लावताना उताराच्या बाजूनंच लावा, मूळचा कोन राखा, सपाट बाजूला फक्त बुरा काढण्यापुरता हात. ग्राइंडरवर पातं निळं पडलं की पाणी उतरलं, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला समजा, धार टिकणार नाही. थोडं घासा, पाण्यात बुडवा, पुन्हा घासा. साइटवर जाताना धार लावलेली तीन-चार पाती बरोबर असूच द्या. भाड्यानं मशीन घेताना आधी पाती बघा, मग मशीन.

रोज काम संपल्यावर मोटरच्या जाळीतली धूळ हवेनं काढा, पाणी मारू नका. बेअरिंगला ग्रीसची निपल असेल तरच ग्रीस द्या, बंद बेअरिंगला देऊ नका. मोटरला कार्बन ब्रश असतील तर ठरलेल्या मुदतीत बघा. दांड्याच्या रबरी बैठका हातानं दाबून बघा. रबर फाटलं की सगळी थरथर हातात येते, आणि वर्षानुवर्षं ती येत राहिली की बोटं पांढरी पडतात, बधिर होतात. संध्याकाळी चहाचा कप धरताना मुंग्या येत असतील तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. चालवणारा माणूस अर्ध्या तासानं बदला.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, पात्यांना तेलाचा हात फिरवून ठेवा. वायरचं आवरण दर सोमवारी पूर्ण लांबीवर बघा. चिकटपट्टी लावलेली वायर मी साइटवर चालू देत नाही, तिथून कापून पुन्हा प्लग बसवा.

बाकीचं दाखवूनच सांगतो. मशीन बाहेर व्हरांड्यात उभं आहे, प्लग काढून दांड्याला बांधलाय, पातं शेजारच्या खोक्यात आहे. जेवणाआधी दहा-दहा जणांनी या आणि प्रत्येकानं एकदा पातं उतरवून परत बसवून बघा. हातमोजे टेबलावर ठेवलेत.