मलप्रभेबरोबर पूर्वेला चला: शेजारचं शहाणपण बघायचं कसं?

नमस्कार मंडळी!

सुट्टी पडली की आपण बेळगावची माणसं कुठं जातो? चोर्ला घाट उतरून गोव्याला, नाहीतर आंबोलीला, नाहीतर कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला. म्हणजे पश्चिमेला किंवा उत्तरेला. पूर्वेला, बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्गाकडं काम निघाल्याशिवाय कोणी फिरकत नाही. तिकडं बघण्यासारखं काय आहे, असं आपण सहज बोलून जातो.

प्रवासानं दुसऱ्या संस्कृतीतलं शहाणपण कळतं, हे सगळेच सांगतात. पण ते नेमकं कुठं असतं आणि कुठं नजर ठेवली की सापडतं, हे कोणी सांगत नाही. मला ते आज आपल्याच जिल्ह्यात दाखवायचं आहे. एक सरकारी बस आणि मोकळा दिवस, एवढं पुरे.

(पडद्यावर: मलप्रभेचा नकाशा, कणकुंबी ते कूडलसंगम)

ही मलप्रभा. खानापूर तालुक्यात कणकुंबीला, माउलीच्या देवळाजवळ तिचा उगम. सह्याद्रीच्या माथ्यावरचं गाव ते, पावसाळ्यात तिथं सूर्यदर्शन दुर्मीळ. लाल माती, भाताची शेती, रानाला लागून घरं, घरात मराठी नाहीतर कोकणी. नदी तिथून निघते, खानापुरावरून, एम. के. हुबळीवरून जाते, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात अडते, पुढं रामदुर्ग ओलांडते आणि कूडलसंगमला कृष्णेला मिळते. सगळी लांबी ३०४ किलोमीटर.

या वाटेवर पाऊस उतरत जातो. लाल माती संपून काळी सुरू होते. भात जाऊन जोंधळा येतो. मराठी मागं पडते, कन्नड येते. आणि त्याबरोबर धान्य ठेवायची पद्धत, भाकरी, सण, बैल, घराचं छप्पर, सगळंच बदलत जातं. पावसाचं आणि मातीचं गणित वेगळं, म्हणून त्या माणसांनी काढलेलं उत्तर वेगळं. आपण आपल्या गणिताचं उत्तर घेऊन तिकडं जातो आणि त्यांचं चुकलं म्हणून मोकळे होतो. मला वाटतं, प्रवासात शिकायचं राहून जातं ते इथंच.

उदाहरण घ्या धान्याचं. खानापुराकडं भात कणगीत ठेवतात. बांबूची विणलेली, शेणानं सारवलेली, जमिनीपासून वर उचललेली, कारण खाली ओल असते. आता सौंदत्तीच्या बाजूला जुनी माणसं काय सांगतात बघा: जोंधळा जमिनीत पुरायचा. हगेव म्हणतात त्याला, आपल्याकडचं पेवच ते. कोरड्या जागी पुरुषभर खोल खड्डा, आतून कडब्याचं अस्तर, मध्ये धान्य, वर पुन्हा कडबा आणि मातीनं तोंड लिंपून टाकलेलं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे वेडेपणाचं वाटतं. पण आत काय होतं? धान्य श्वास घेत असतं. बंद जागेतला प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि किडीला जगायला हवाच उरत नाही. औषध नाही, पावडर नाही, आणि धान्य कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं शाबूत.

हाच वायू माणसालाही मारतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून हगेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. तोंड उघडं टाकून थांबायचं, मग दोरीनं पेटता कंदील खाली सोडायचा. कंदील विझला तर अजून थांबायचं. ज्या पिढीनं रसायनशास्त्राचं पुस्तक बघितलं नव्हतं, तिनं हा नियम पाळला आणि पोरांना शिकवला. आता पोती आली, गोदामं आली, बहुतेक हगेव बुजली. पण एखाद्या गावात पारावर बसलेल्या अज्जाला विचारा, गल्लीत कुठं कुठं तोंडं होती ते तो काठीनं दाखवेल. कणकुंबीत असा खड्डा खणला तर पहिल्याच पावसात धान्याला मोड येतील. सौंदत्तीत मात्र तो बिनतोड.

रोट्टीचंही, म्हणजे तिकडच्या भाकरीचंही, तेच. बैलहोंगलच्या बाजूला एका घरी चुलीपुढं बसून मी रोट्ट्या होताना बघितल्या. अव्वानं जोंधळ्याच्या पिठात उकळतं पाणी घातलं, पीठ चांगलं मळून घेतलं आणि दोन्ही हातांनी बडवायला सुरुवात केली. आपल्या थापण्यापेक्षा फार जलद. भाकरी हाताखाली स्वतःच गोल फिरते, कडेनं पातळ होत जाते, आणि आवाज बदलतो. आवाजावरून तिला कळतं की आता तव्यावर टाकायची. वर ओलं फडकं फिरवायचं, उलटायची, भाजायची. तिथं आपलं काम संपतं, तिचं संपत नाही. भाजलेली रोट्टी ती चुलीच्या कडेला उभी करून ठेवते, फडक्यानं दाबत दाबत तिच्यातली ओल पार काढून टाकते. पापडासारखी कडक. ही रोट्टी महिनाभर आरामात टिकते. जोडीला शेंगाचटणी, कारळ्याची चटणी, जवसाची चटणी, म्हणजे पाणी नावाला नसलेलं सगळं.

हे कशासाठी? उळवीच्या चन्नबसवेश्वराच्या जत्रेला या भागातले शेतकरी बैलगाड्या जुंपून निघतात. उळवी म्हणजे पार जोयडा तालुक्यातलं घनदाट रान. वाटेत कित्येक मुक्काम. एवढ्या वाटेला पुरेल असं अन्न पाहिजे, सरपण न जाळता खाता आलं पाहिजे. ती गरज त्या कडक रोट्टीत आहे. आम्ही हॉटेलात ती कुरकुरीत म्हणून मागवतो आणि एवढ्यावरच थांबतो.

(पडद्यावर: शेतात पाच दगड, शेजारी बैलगाडी)

आता एक सण सांगतो, आणि यावर मी जरा रेंगाळणार आहे. कोजागिरीला आपण गच्चीवर दूध आटवतो. त्याच पौर्णिमेला, शीगी हुण्णिमेला, पूर्वेकडचा शेतकरी सगळं घरदार घेऊन शेतात जातो. बैलांना सजवतात, गाडीला झालर लावतात, बायका नव्या साड्या नेसून डोक्यावर बुट्ट्या घेतात. शेतात पाच दगड मांडतात, ते पाच पांडव. त्यांची पूजा होते. मग चरग. शिजवलेल्या सगळ्या पदार्थांतलं थोडं थोडं एकत्र करून एक माणूस पिकातून चालत ते चारी दिशांना उधळत जातो, मोठ्यानं ठेक्यात आरोळी देतो. त्याच्यामागून दुसरा पाणी शिंपडत येतो. उभ्या पिकानं भरलेली जमीन म्हणजे गर्भार बाई, आणि हे तिचं डोहाळजेवण. म्हणून तिला सगळं चाखवायचं: कडबू, शेंगांची होळिगे, भरलं वांगं, बाजरीची रोट्टी, पुंडीची म्हणजे अंबाडीची भाजी. मग जेवायला बसायचं, आणि बांधावरून जाणाऱ्यालाही हाक मारून बसवायचं.

उधळलेलं अन्न वाया गेलं असं वाटेल. एका शेतकऱ्याला मी तसं विचारलं, तर तो म्हणाला, पाखरं येतात की. अन्नासाठी आलेलं पाखरू पिकातली अळीही वेचतं. दुसरा म्हणाला, ते काय असेल ते असो, वर्षातून एक दिवस पिकात सगळीकडं पाय फिरतो, कुठं रोग आहे, कुठं पाणी तुंबलंय, सगळं नजरेखालून जातं. तिसरी, घरातली अज्जी, तिला यातलं काही पटलं नाही. ती म्हणाली, आईला जेवू घालायला कारण कशाला पाहिजे? मला तिघांचंही पटतं. पण अज्जीचं म्हणणं आधी, कारण कारण सापडेपर्यंत थांबली असती तर ही रीत इतकी वर्षं टिकली नसती. लातूर, धाराशिवकडचे मराठी शेतकरी वेळ अमावस्येला हेच करतात, बरं का. शेतात जेवण, पांडवांची पूजा, सगळं. मातीतल्या माणसाला भाषेची सीमा आडवी आली नाही.

इथं एक विषय टाळता येणार नाही. बेळगावात राहून मराठी माणूस कन्नड मुलखाचं कौतुक करतो म्हटलं की काही जणांच्या कपाळाला आठ्या पडतात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासूनचं सीमावादाचं दुखणं आहे हे, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. माझं शिक्षण मराठी शाळेत झालं, मी मराठीत विचार करतो, मराठी शाळा आणि मराठी पाट्या टिकल्या पाहिजेत असं मला मनापासून वाटतं. त्यात काडीचाही बदल नाही. पण हक्काचा झगडा सरकारशी आहे. रोट्टी बडवणाऱ्या अव्वाशी माझं भांडण नाही, आणि तिच्याकडून शिकल्यानं माझं मराठीपण कमी होत नाही.

याचा सगळ्यात मोठा दाखला बेळगावपासून हाकेच्या अंतरावर आहे. मिरजेच्या रेल्वेनं निघालात की सुळेभावी लागतं. महालक्ष्मीच्या जत्रेसाठी आपण त्या गावात जातो. तिथं ८ एप्रिल १९२४ ला शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ जन्मला. कन्नड लिंगायत घर. तोच पुढं कुमार गंधर्व. मुंबईला प्रोफेसर बी. आर. देवधरांकडं शिकला, मराठी माणसांत वाढला. मग क्षयानं गाठलं, आणि कोरड्या हवेसाठी १९४८ साली माळव्यात देवासला जावं लागलं. काही वर्षं गाणं बंद. डॉक्टरांची मनाई.

गाता येत नव्हतं, तेव्हा त्यांनी ऐकलं. दारावरून जाणाऱ्या बायांची माळवी गाणी, लग्नाची, पावसाची, गल्लीतून फिरणाऱ्या जोग्यांची निर्गुणी भजनं. शास्त्रीय संगीताचा एवढा तयारीचा गवई, त्याला तीन-चार सुरांत संपणारी ती गाणी किरकोळ वाटायला हवी होती. त्यांनी ती लिहून घेतली, त्यांचा अभ्यास केला, आणि त्यांच्या ध्यानात आलं की रागाचं बी इथं आहे. त्या धुनांतून त्यांनी नवे राग उभे केले: मालवती, लगनगंधार आणि असे कितीतरी. बरे झाल्यावर ते गायला बसले तेव्हा कबीर ज्या तऱ्हेनं गायला गेला, तसा तोपर्यंत मैफलीत कोणी ऐकला नव्हता. सुळेभावीचा कन्नड मुलगा, मराठी रसिकांचा लाडका, माळव्यातल्या निरक्षर बायांना गुरू मानतो. दुसऱ्याच्या घरी जाऊन गप्प बसून ऐकणं म्हणजे काय, ते मला या माणसाकडून समजलं.

आपण उलट करतो. सौंदत्तीच्या यल्लम्माला दर वर्षी बेळगाव, कोल्हापूर, सांगलीहून किती गाड्या जातात! जोगळभावीला आंघोळ, डोंगर चढून दर्शन, कपाळाला भंडारा, ‘उदं गं आई उदं’, आणि परत. देवी आपली, तिचा मुलूख मात्र परका. डोंगराखाली काळ्या रानात सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेला जोंधळा पाऊस संपल्यावर केवळ जमिनीतल्या ओलीवर उभा असतो, हे बघायला गाडी थांबत नाही. पुढच्या खेपेला एक मुक्काम वाढवा. नदीबरोबर आणखी खाली कूडलसंगमला जा, बाराव्या शतकातल्या बसवण्णांच्या ऐक्यस्थळी. दासोहाच्या, म्हणजे अन्नदानाच्या, पंगतीत बसा. तुम्ही कोण, कुठले, हे तिथं कोणी विचारत नाही.

आणि भाषेची अडचण सांगू नका. ‘कन्नड स्वल्प स्वल्प बरतद’, म्हणजे कन्नड थोडं थोडं येतं, एवढं आलं तरी दार उघडतं. वयानं मोठ्या बाईला अव्वा, म्हाताऱ्याला अज्जा म्हणा, वाक्याच्या शेवटी ‘री’ लावायला विसरू नका. मला उपयोगी पडलेला प्रश्न एकच: ‘हेंग माडतीरी?’ म्हणजे, कसं करता हो? ‘का करता’ असं विचारलं की माणूस आपली बाजू मांडायला लागतो. ‘कसं करता’ म्हटलं की हातातलं काम दाखवायला लागतो.

(पडद्यावर: चप्पल शिवणारे हात)

हा प्रश्न घेऊन आपल्याच जिल्ह्यातल्या अथणीला जा. कोल्हापुरी चप्पल कोल्हापुरातच होते असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे सांगतो: २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते दोन्ही राज्यांना मिळून. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर. चार आणि चार. अथणीत आणि आसपासच्या गावांत घराघरांत हे काम चालतं. कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं. तळाचे थर कातड्याच्याच बारीक वादीनं शिवलेले, खिळा नाही. वेणी घालायचं आणि शिवायचं नाजूक काम बऱ्याच घरांत बायका करतात. रापीनं, म्हणजे कातडं कापायच्या हत्यारानं, कड कशी तासतात ते जवळ बसून बघा. एकदा हात चालला की दुसऱ्यांदा त्याच जागी रापी लागत नाही.

विकत घेणार असाल तर घासाघीस करू नका. कातडं कमावण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत किती हात लागलेत ते समोर दिसत असतं. ही वेणी कोणी घातली म्हणून विचारा, ती बाई आतल्या खोलीत असेल तर तिलाही बोलवा. नवी चप्पल पहिले काही दिवस चावते. तळाला आणि पट्ट्याला तेल लावून रात्रभर ठेवायचं, पावसात घालायची नाही, आणि भिजलीच तर उन्हात न टाकता सावलीत वाळवायची. बाकीचं ते तुम्हाला तिथंच सांगतील, आणि अथणीत मराठीही चालते.